ट्यूबलेसचा तोरा

ट्यूबलेस टायर पंक्चर होत नाही, असं तो विकणारे सांगतात. होतो, चांगला होतो, फक्त झाल्याचं सांगत नाही. काटा घुसला की आत खुळखुळणारं पांढरं सीलंट भोकापाशी येतं, तिथेच घट्ट होतं, आणि आपण काही घडलंच नाही अशा थाटात पॅडल मारत राहतो. असे महिने जातात. मग एके दिवशी चारचौघांत सगळी थकबाकी एकदम बाहेर येते. कोकणात एकत्र कुटुंबाच्या जमिनीचं असंच असतं. कोणी सातबारा काढायला जात नाही तोवर सगळं आलबेल.

ज्यांची हयात काळ्या सायकलवर गेली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या सायकलीला टायरच्या आत ट्यूब असते. ट्यूबलेसमध्ये टायरची कड, म्हणजे बीड, रिमच्या खोबणीत इतकी घट्ट बसते की हवा थेट टायरमध्येच कोंडली जाते. आऱ्यांच्या भोकांवर टेप, व्हॉल्व्हला नट आवळलेला आणि पोटात शंभरेक मिलीलिटर सीलंट. एवढा खटाटोप कशासाठी, तर हवा कमी ठेवता येते. ट्यूब असताना कमी हवेवर जांभ्याच्या धोंड्यावर चाक आपटलं, की दगड आणि रिम यांच्या मधे ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय? त्यामुळे पंचवीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, खुशाल जावं. टायर दगडाला धरून चालतो आणि कंबर दुसऱ्या दिवशीही आपलीच वाटते.

हवेचा टायर चालता केला तो बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने, १८८८ साली. हा गृहस्थ गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी खडखडते म्हणून त्याने हा उद्योग केला. पुढे शंभरेक वर्षं जगाने ट्यूब सुधारली आणि १९९९ मध्ये फ्रान्सच्या मॅव्हिक कंपनीने माउंटन बाइकसाठी ट्यूब नसलेल्या चाकाची पद्धत बाजारात आणली. प्रगती म्हणतात ती हीच. मात्र एक गोष्ट जाहिरातीत नसते. प्रत्येक ट्यूबलेसवाल्याच्या सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब असते. कशाला, असं विचारलं तर तो विषय बदलतो.

माझा विषय बदलला तो पालशेतला.

मे महिना. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावर सुकवायची घाई. मी गुहागरहून वेळणेश्वरला निघालो होतो. वाटेत बंदराकडे वळलो, होड्या बघितल्या, सगळे काढतात तसे फोटो काढले. एका अंगाला जवळा पसरलेला, दुसऱ्या अंगाला जाळी साफ करणारी माणसं. परत फिरलो तर मागच्या चाकातून ‘फिस्स’.

करवंदीचा काटा सीलंट मुकाट्याने गिळतं. हे प्रकरण वेगळं होतं. टायरमध्ये रुतला होता शिंगाळ्याचा काटा. शिंगाळा ज्यांनी फक्त कालवणात पाहिलाय त्यांना कल्पना नसेल, पण त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे हाडाचे दातेरी खिळेच असतात. आत जाताना गुपचूप जातात, बाहेर येताना जे सापडेल ते फाडत येतात. म्हणून मासे निवडतानाच बायका ते मोडून फेकतात. फेकतात म्हणजे कुठे, हे मला आता ठाऊक आहे.

“हाताला नाय ना लागला?” जवळा वर-खाली करणाऱ्या मावशींनी विचारलं. “इषारी आसतो. हात सुजतो, ताप भरतो.”

हाताला नव्हता लागला. मावशींनी टायरकडे पाहून मान हलवली, म्हणजे तो आता काही वाचत नाही.

मी काटा ओढला. सीलंटची पिचकारी उडाली. अशा वेळी चाक फिरवून भोक खाली आणायचं, म्हणजे सीलंट तिथे जमतं आणि भोक बुजतं, असा नियम आहे. चाक फिरवलं. पिचकारीही फिरली. माझा शर्ट, जाळ्यावर बसलेल्या आबांची टोपी आणि मावशींच्या जवळ्याचा चांगला दोन हातांचा पट्टा, असा तिने फेर पुरा केला. कंपनी म्हणते सहा मिलीमीटरपर्यंतचं भोक मिटतं. कंपनीने शिंगाळा पाहिलेला नाही.

“आता ह्यो जवळा कोन घेनार?” मावशी म्हणाल्या. प्रश्न सर्वांना होता, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. घेतला. पाठीवरच्या पिशवीत कोंबला. त्यानंतर दिवसभर माझ्यामागे कोणी ना कोणी मांजर होतं.

एव्हाना माणसं जमली होती. आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि सूत्रं हातात घेतली.

“ट्यूब काढा नि पान्यात घाला. बुडबुडे कुठून येतात ते बघा.”

“आबा, ह्यात ट्यूब नसते.”

“कुनी काढून घेतली?”

“मीच काढली.”

आबा जरा थांबले. “आपनहून?”

“पैसे देऊन.”

यावर कोणी काही बोललं नाही. एकाने तेवढं हळूच विचारलं, “पुन्याचे काय?” मी चिपळूणचा आहे, पण त्या क्षणी मी पुण्यावर हे ढकलू दिलं.

किटात ट्यूबलेसची वात होती. दुचाकी-चारचाकीच्या पंक्चरला स्ट्रिप मारतात तीच, फक्त बारीक. चिमट्यासारख्या सुईत ती चिकट दोरी ओवायची, भोकात दाबायची, सुई झटक्यात बाहेर काढायची. दोरी आत राहते. माझी राहिली. हातपंपाने हवा भरली, घामाने आंघोळ केली, टाळ्या पडायच्याच बाकी होत्या. सायकलवर बसलो. दोरी बाहेर आली.

मग चढाची घाटी, सायकल हातात, मे महिन्यातलं ऊन. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही, कोकणात चालणाऱ्याला घाट दोन्ही बाजूंनी चढाचाच लागतो.

तिठ्यावर पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, कंप्रेसर, पाण्याने भरलेलं अर्धं कापलेलं पिंप आणि बसायला ट्रकचा टायर. समोर चहाची टपरी, मागे हापूसची कलमं. कलमांचे मालक काका दुकानातच बसून होते. त्यांच्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि दांडका. दर चार-पाच मिनिटांनी ते मधेच बोलणं तोडून डबा बडवायचे आणि “हाऽड!” म्हणून ओरडायचे. कलमांवर वानरांची टोळी होती. ती खाली बघायची, चार आंबे चावून टाकायची, पाचवा तोडायची. डब्याशी त्यांची जुनी ओळख असावी.

दुकानदार पोरगा हुशार होता. कंप्रेसरची नळी घेऊन आला आणि व्हॉल्व्ह बघून थबकला. दुनियेत सायकलचे व्हॉल्व्ह तीन जातींचे. जुन्या काळ्या सायकलचा एक, मोटारसारखा एक, आणि तिसरा हा काडीएवढा फ्रेंच, ज्याच्या टोकावर इवलासा नट असतो आणि तो सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. मोटारची नळी त्यावर बसत नाही. मी चण्याएवढा पितळी अडॅप्टर काढून दिला. त्याने तो तळहातावर घेऊन उन्हात धरला.

“एवढ्यातनं हवा जाते?”

“जाते.”

“आणि हा हरवला तर?”

हा प्रश्न ज्यांनी व्हॉल्व्ह बनवला त्यांना विचारायला हवा होता.

त्याने आपल्याकडची मोटारची जाड स्ट्रिप मारली. मोटारच्या टायरला बोटभर रबर असतं, त्यात ती रुतून बसते. सायकलच्या टायरला कापडावर रबराचा पातळ थर, तिथे तिला धरायला काही नाही. कंप्रेसरची कळ दाबली आणि स्ट्रिप सुटली ती रस्ता ओलांडून टपरीवरच्या भज्यांच्या परातीत. रंग तोच तपकिरी. टपरीवाल्याने परात दोनदा चाळली, मग नाद सोडला. आम्हीही त्या दिवशी भजी घेतली नाहीत.

“ट्यूब टाका,” पोरगा म्हणाला.

सगळं जग जिथे शेवटी येतं तिथे मीही आलो. पिशवीतून ट्यूब काढली. काकांनी डबा खाली ठेवला. “ही काय आहे मग?”

विषय बदलायला जागा नव्हती.

ट्यूब टाकायची तर आधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो. त्याचा नट बोटांनी सुटायला हवा. पण किनाऱ्यावरची खारी हवा अ‍ॅल्युमिनियमला सुखाने राहू देत नाही, आणि तो नट रिमला असा चिकटला होता की पक्कड लावून पोरगा एकीकडे आणि चाक धरून मी दुसरीकडे, मधे काका “डावीकडे! अरे डावीकडे!” नट सुटला. टायरची कड उतरवली आणि उरलंसुरलं सीलंट हळूहळू माझ्या दोन्ही हातांवर उतरलं. बोटं एकमेकांना चिकटली.

आतल्या घरातून काकू आल्या, हात बघितले, “चीक लागला वाटतं,” म्हणाल्या आणि काही न विचारता खोबरेल तेलाची वाटी पुढे केली. सीलंट म्हणजे मुख्यत्वे रबराच्या झाडाचा चीक, आणि फणस कापणाऱ्या घराला चिकाचं काय करायचं ते कंपनीच्या पत्रकात वाचावं लागत नाही. एवढ्या सगळ्यात चाललेला तो पहिला उपाय.

आता खरी गंमत. ट्यूब टाकण्यापूर्वी टायर आतून चाचपावा लागतो, कारण सीलंटने जिरवलेले सगळे काटे तिथेच टोकं वर करून बसलेले असतात आणि ते ट्यूबला सोडणार नाहीत. मी टायर उलटा केला. करवंदीचे, बोरीचे, चिल्हारीचे आकडे, कागदाची एक टाचणीसुद्धा. वाडीतली पोरं पक्कड घेऊन काटे उपटायला बसली आणि प्रत्येक काट्याची जात सांगू लागली. एकाने एक आकडा वर धरला. “हा आमच्या वईचा.” दुसरा म्हणाला, त्यांच्या वईचा. चिल्हारीची वई, म्हणजे काटेरी कुंपण, दोघांच्याही घरी होती. भांडण बांधावर गेलं, आणि मी त्यांच्या वईवर कशाला गेलो होतो इथवर आलं. मी कुठेही गेलो नव्हतो. टायरने सांगितलंच नव्हतं.

मग टायरच्या भगदाडाला आतून अस्तर, नाहीतर ट्यूब तिथून बाहेर डोकावते. अनुभवी सायकलवाले घडी केलेली नोट लावतात. मी शंभरची काढली. काकांनी ती पाहिली आणि आपल्या खिशातली दहाची पुढे केली. “काम तेवढंच करते.” पोरग्याने दोन्ही बाजूला सारल्या आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला.

ट्यूब टाकली, हवा भरली, हवा गेली. पिशवीत माझी ट्यूब पान्याच्या शेजारी नांदत होती आणि त्याने कधी तरी तिला घासून भोक पाडलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण पोरग्याचा चेहरा उजळला. दुपारपासून पहिल्यांदा त्याच्या ओळखीचं काही तरी समोर आलं होतं. ट्यूब पिंपातल्या पाण्यात गेली, सगळे वाकले, आणि बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. “ते बघा!” काका म्हणाले. टपरीवाला हातातला झारा घेऊन बघायला आला. पोरग्याने जागा पुसली, कानशीने घासली, बोटाने सोल्यूशन फिरवलं, ते सुकेपर्यंत आकाशाकडे पाहिलं, पॅच ठेवला आणि हातोडीच्या बुडाने ठोकला. बोलणं नाही, नळीचा घोळ नाही, फ्रेंच नाही. पाच मिनिटांचं काम. मला हे मान्य करायला त्रास होतो, पण त्यात जी मजा होती ती माझ्या वातीत नव्हती.

टायर चढवला. ट्यूबलेस रिमची खोबण मुळात घट्ट, कड सहजी जागेवर येईना. काकूंनी भांडी घासायचा साबण दिला, कडेला फेस लावला. “किती मारू?” पोरग्याने विचारलं. मी म्हटलं, आधी पस्तीस, बसला की पंचवीसवर आणू. त्याच्या कंप्रेसरला काटा नव्हता. त्याने अंदाजे मारली. टायर करकरला, फुगला, आणि कड खोबणीत बसली.

ठो!

मग दुसऱ्या बाजूची. ठो!

कुत्री भुंकली, कोंबड्या घराखाली गेल्या, काकूंनी आतून “सिलिंडर बघा हो!” म्हणून हाक मारली. आणि मागच्या कलमांवरून वानरांची अख्खी टोळी, पोरंबाळं पोटाशी धरून, सपासप उड्या टाकत पलीकडच्या काजूंतून दिसेनाशी झाली. डबा काकांच्या हातातच राहिला.

हिशेबाला वेळ लागला. ट्यूबलेसचा दर वेगळा, ट्यूबचा वेगळा. टायर ट्यूबलेस, पण पंक्चर ट्यूबचं. आणि ती ट्यूब तर सायकलवर नसतानाच पंक्चर झालेली. पोरग्याने शेवटी ट्यूबचेच पैसे घेतले. मी मावशींचा जवळा काढून काकूंना दिला, कुठून आला ते न सांगता. पांढरा भाग मघाशीच एका मांजराने तपासून नापास केला होता.

मी सायकलवर बसलो. काका रस्त्यापर्यंत चालत आले. मागच्या टायरला त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं.

“चारच्या सुमारास परत येतात ती,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्ही वेळणेश्वराहून किती वाजता?”