ठरलं न्हाय व्हय तुमचं?

परवाच्या रविवारपासून माझ्या बरगड्यांखाली एक आडवी निळी रेघ उमटली आहे. फूटपट्टीने आखावी तशी सरळ. ती अ‍ॅल्युमिनियमच्या कठड्याची आहे. बायकोने त्यावर आंबेहळद उगाळून लावली आणि विचारलं, "या वयात कशाला पण?" हा प्रश्न खरं तर तिने तिच्या बहिणीच्या नवऱ्याला विचारायला हवा होता.

कारण बोट त्यांची. माझ्या साडूंनी उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला, कृषी पर्यटन काढलंय. थंडीत हुरडा, बारा महिने चुलीवरचं मटण, आणि बोटिंग. त्यासाठी कुठूनशी एक जुनी पॉन्टून बोट आणली. म्हणजे दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांवर सपाट माचा, चारी बाजूंनी कठडा, वर ताडपत्री आणि मागे चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर लटकवायचं, इंजिन. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना पॉवर टिल्ट असतो. बटण दाबलं की हायड्रॉलिकवर इंजिन आपसूक वर उचललं जातं. याला तो नाही. घेताना साडू म्हणाले होते, "बटणाचे जास्तीचे पैसे कशाला? आपल्याकडे माणसं आहेत की." त्यातलं 'माणसं' हे अनेकवचन आदरार्थी होतं, हे मला बोटीवर पाय ठेवल्यावर कळलं. साडूंच्या मणक्याची चकती सरकलेली आहे. ती नेमकी इंजिनापाशी गेलं की सरकते.

आता इंजिन उचलायचंच कशाला? तर उजनी म्हणजे काही स्विमिंग टँक नव्हे. पावसाळ्यात समुद्र, आणि उन्हाळ्यात 'मायनस'. हा 'मायनस' शब्द आम्हा सोलापूरकरांना पाढ्यासारखा पाठ आहे. धरणात ६३ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचं हिशेबाबाहेरचं पाणी, धरलाय, पाणी त्याच्याही खाली उतरलं की पेपरात उणे टक्के छापून यायला लागतात. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला धावतात. पण देवळाबरोबर बाभळीची खोडं, घरांची जोती, बांध, तुटकी जाळी हेही सगळं हात-दीड हात पाण्याखाली येऊन बसतं. त्याचे फोटो कोणी काढत नाही. ते इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला लागतं.

परवा तेच झालं. मागच्या बाकांवर पुण्याचं सहा जणांचं कुटुंब, लाइफ जॅकेटं घालून, वेफर्स खात. काठ वीस-पंचवीस फुटांवर. आणि खालून 'खट्टाक!' साडूंनी गिअर रिव्हर्सला टाकला, इंजिनाने डरकाळी फोडली, पाणी चहासारखं झालं, बोट तसूभर हलली नाही. इंजिन बंद करून साडू मला म्हणाले, "घ्या वर."

साध्या होडीत हे काम सोपं असतं म्हणे. इंजिन शेजारीच, हात घातला की झालं. पॉन्टूनला मात्र इंजिन माच्याच्या मागे, माच्यापेक्षा खाली, दोन नळकांड्यांच्या मधे लटकलेलं. आधी गुडघे टेकायचे, मग कठड्यावर पोट टाकायचं, मग त्या तापलेल्या टोपणाला कवेत घेऊन पलीकडच्या बाजूची खोबण बोटांनी शोधायची आणि सत्तरेक किलोचं ते धूड स्वतःकडे ओढायचं. डोकं पुढे आलं की पंखा मागे पाण्याबाहेर येतो. आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज पेलणारे लोक आधी कितीतरी दिवस सराव करतात. मला साडूंनी सरावाला चहा संपेपर्यंतचा वेळ दिला होता.

ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. माझ्याच पाठीत काहीतरी 'कट' वाजलं.

"पाव्हणं, झोप लागली का काय?"

मान वळवता येत नव्हती, म्हणून काखेखालून पाहिलं. काठावरच्या बाभळीखाली एक म्हातारबाबा, डोक्याला मुंडासं, हातात वेताची काठी, पाण्यात दोन म्हशी. एक म्हैस माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत आपुलकी होती असं मला त्या अवस्थेत वाटलं.

मी उत्तर दिलं नाही. बाबांनी बंडीतून मोबाइल काढला. जावयाचा फोन असावा. "हां... म्हशी धुतोय... न्हाय, हितं एक पाव्हणा हाय. सोलापूरचा वाटतोय. इंजनाला मिठी मारून पालथा पडलाय... न्हाय न्हाय, जित्ता हाय. पाय हालत्यात."

मागे पुण्याच्या कुटुंबात खसखस पिकली. त्यांच्या धाकट्याने व्हिडिओ चालू केला होता. सहाशे रुपयांत सहा जणांना बोटिंगही मिळालं आणि वर हा खेळ. माझं मानधन किती, तर मटणाचा रस्सा. तोही मुलांसाठी केलेला, बिनतिखटाचा.

"आवं, खुट्टी आडकली आसंल कुटंतरी," बाबा ओरडले. "बैल हालंना म्हटल्यावर जू बघावं आदी."

आणि साडू शांतपणे म्हणाले, "अरे हो, गिअर रिव्हर्सलाच राहिला की."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: इंजिन रिव्हर्सला असताना एक आकडा त्याला खाली जखडून धरतो. नाहीतर उलट रेट्याने इंजिनच वर उसळेल. आकडा शहाणा आहे. गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय देवालाही सोडत नाही. मी दहा मिनिटं त्या आकड्याशी कुस्ती खेळत होतो आणि साडू माझ्या पाठीमागे उभे राहून पुणेकरांना फ्लेमिंगोबद्दल सांगत होते.

न्यूट्रलला आणल्यावर इंजिन वर आलं, आधाराचा खटका पडला. साडूंनी बांबूने बोट रेटली. खोल पाणी आलं. "सोडा खाली." वर करताना निदान अंगाचा जोर चालतो, खाली करायला तिसरा हात लागतो. इंजिन आधी बोटभर आणखी वर उचलायचं, म्हणजे खटक्यावरचा भार जातो. तेवढ्यात एका हाताने खटका उलटवायचा, दुसऱ्याने ते हळूहळू सोडायचं. सोडलं की ते सुटतंच. धप्प झालं, पाणी पुण्याच्या काकूंच्या अंगावर गेलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. साडूंनीही पाहिलं, अगदी काकूंच्याच बाजूने.

पंधरा फूट गेलो. खट्टाक.

"घ्या वर."

बाबा काठाकाठाने आमच्याबरोबर चालत आले होते. म्हशींनाही घेऊन. त्यांनी काठी जमिनीत रोवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि मनापासून विचारलं, "एकदा वर, एकदा खाली. ठरलं न्हाय व्हय तुमचं?"

हे आउटबोर्ड प्रकरण ज्याने लोकप्रिय केलं त्या ओले एव्हिनरूडची एक कथा सांगतात. हा नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला कारागीर. वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खायची हुक्की आली, हा तळ्यातून वल्हवत जाऊन घेऊन आला, तोवर ते वितळलं. मग १९०९ मध्ये त्याने होडीला लावायचं इंजिन बाजारात आणलं. माझं म्हणणं एवढंच, की भल्या माणसा, तिला बरोबर घेऊन दुकानात बसायचं होतंस. तुझ्या एका कपापायी मी शंभर वर्षांनी पालथा पडलोय.

"हे म्हंजी पिपांचं तराफंच की," बाबा बोटीकडे काठी दाखवून म्हणाले. हे मात्र तंतोतंत खरं. पहिली पॉन्टून बोट बनवणारा मिनेसोटाचा अँब्रोस वीअर्स शेतकरीच होता. १९५०च्या सुमारास त्याने लोखंडी पिपं जोडून त्यांवर लाकडी माचा ठोकला. बाबांना हे सांगावं असं वाटलं, पण माझं तोंड इंजिनाच्या टोपणावर दाबलेलं होतं. "आमी गुळाच्या काहिलीत बसून पल्याड जायाचो. तिला वरखाली काय नसायचं."

मग ते गप्प झाले. काठी डोळ्यांसमोर धरून पाण्यावर नेम धरल्यासारखं बघितलं. समोरच्या टेकाडाकडे, मग मागच्या बाभळीकडे.

"पाव्हणं, तुमी आमच्या हिरीवर हाय."

"कशावर?"

"हिरीवर. थारोळ्याचा दगुड हाय तो. जपून हां, ढासळंल."

१९८० ला धरण पुरं झालं, त्याच्या आधीची विहीर ती. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी ओतायची जागा. बाबांनी मोट सांगायला सुरुवात केली. चामड्याची मोट, तिच्या तोंडाला नाडा, सोंडेला सोंदूर, वर चाक, आणि धावेवरून उतरणारी बैलजोडी. "बैल कवा हिरीवर वाकलं न्हाईत. वाकतंय ते मानूस. चाक लावा, नाडा बांधा, आन् मागं चालत जावा." मी पालथा, ते उभे. व्याख्यानाला यापेक्षा बांधलेला श्रोता कुठून मिळणार?

"आमचं गाव गेलं पान्यात," ते म्हणाले. आवाज तोच, म्हशी धुतानाचा. "तुमच्या सोलापूरला पानी पायजे म्हनून. मिळतंय न्हवं?"

"चार-पाच दिवसांनी येतं," मी म्हटलं.

"काय?"

"नळाला. चार-पाच दिवसांनी एकदा. कधी रात्री दोनला."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हशीसुद्धा. "मंग कुनाला मिळतंय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नाही. ऊस म्हणावं तर साडू उसावरच उभे राहिलेत, आणि त्यांच्याच बोटीवर मी पालथा. मला एवढंच माहीत आहे, की आमच्या घरात सात पिपं आहेत, पाणी आलं की ती भरताना अशीच निळी रेघ पाठीत उमटते, आणि इथे पायाखाली मैलोन्‌मैल पाणी असताना मी त्यात लोकांना मजेसाठी फिरवत होतो. पुण्याच्या काकूंनी तेवढ्यात विचारलं, "अजून किती वेळ?"

संध्याकाळपर्यंत वर-खाली नऊ वेळा झालं. मी मोजलं. साडूंनी मोजलं नाही. जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी बारा जण आहेत."

म्हणून आज बाजारात गेलो. बाबांचंच खरं होतं, नाडा इंजिनाच्या मागच्या खोबणीतून वरून आणायचा आणि पुढच्या खांबाला चाक लावून ओढायचा. एका चाकाने फक्त दिशा बदलते. दुसरं हलतं चाक मधे घातलं की जोर निम्मा लागतो, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. तेवढं मी ओढीन. माच्यावर उभं राहून, पुणेकरांकडे तोंड करून.

हार्डवेअरवाल्याने दोन चाकं काउंटरवर ठेवली. फिरवून दाखवली.

"विहिरीला का मालक?"

"हो," म्हटलं. सगळं कोण सांगत बसणार?

"किती खोल आहे?"

"पाण्याखाली आहे."

त्याने चाक फिरवायचं थांबवलं. "मग चाक कशाला हो मालक?"