फांदी खोचा आणि विसरून जा? विलोचं तसं नसतं

'वीपिंग विलो म्हणजे आळशाचं झाड. फांदी खोचा आणि विसरून जा. पाणथळ जागा कोरडी करतो, घरापासून दहा फूट सोडले की पुरे, छाटणी नको, शंभर वर्षं टिकतो.' लोंबत्या फांद्यांच्या या झाडाबद्दलचा हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातला फांदीचा भाग खरा आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचं खपतं.

फांदी जगते हे खरंच. विलोच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीच तयार असतात. पानगळीच्या दिवसांत घेतलेली पेन्सिलीएवढी जाड, फूटभर लांबीची छाट दोन तृतीयांश मातीत गेली की मूळ धरते. पण विसरायचं कसं? पहिली दोन वर्षं मुळं वरच्या थरातच असतात. ती माती सुकली की पानं पिवळी पडून गळतात.

पाणथळ जागेचं म्हणाल, तर विलो पाणी भरपूर पितो, पण अंगावर पानं असेपर्यंतच. निष्पर्ण झाड डबकं आटवत नाही. तुंबलेल्या पाण्याला चरच काढावा लागतो.

दहा फुटांचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. पूर्ण वाढलेला विलो १० ते १५ मीटर उंच होतो, पसाराही साधारण तेवढाच, आणि मुळं त्याच्याही बाहेर जातात. दहा फुटांवर फांद्याच भिंतीला घासतील. मुळं धडधाकट पाइप फोडत नाहीत, एवढं विलोच्या बाजूने बोलायला हवं. पण सांधा झिरपत असेल तर केसाएवढं मूळ ओलीच्या मागावर आत शिरतं, आत त्याची जुडी होते आणि पाइप तुंबतो. चिकणमातीत आणखी एक भानगड: झाडाने पाणी ओढलं की माती आकसते आणि वरचा पाया खचू शकतो. मी १५ मीटरच्या आत विलो लावणार नाही. तेवढी जागा नसेल तर दुसरं झाड बघेन.

छाटणी हवीच. लाकूड मऊ आणि ठिसूळ, वादळात फांद्या कडाकड मोडतात. रोप लहान असतानाच एक सरळ शेंडा ठेवून काठीचा आधार द्यावा. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पानगळीनंतर काढाव्यात.

आणि शंभर वर्षं? बहुतेक विलो ३०-४० वर्षांत पोकळ व्हायला लागतात. झाड पंचविशीत आलं की पुढचं रोप लावून ठेवलेलं बरं.