कोकणात बाळाची पिशवी आठव्या महिन्यातच भरलेली हवी

‘बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काहीही खरेदी करू नका’ असा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. कारणंही दिलेली आहेत. आधी आणलं की अपशकुन होतो, पूर्वीच्या बायकांनी काही आणलं नव्हतं तरी मुलं वाढलीच, आता सगळं एका दिवसात घरपोच मिळतं, दवाखान्यात लागेल ते देतात, आणि आधी खरेदीला गेलं की पैसे वाया जातात. श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी घरांत पोटुशी लेक माहेरी आलेली आहे आणि तिची आई हा मेसेज वाचून थांबली आहे. त्या आईसाठी हे लिहिते आहे.

आधी अपशकुनाचं. ही भीती कुठून आली ते मला कळतं आणि तिला मी हसणार नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. शिवून ठेवलेली झबली परत ट्रंकेत टाकायची वेळ ज्या बाईवर आली, तिने सुनेला ‘आधी काही आणू नको’ म्हणणं साहजिकच होतं. २०२० मध्ये हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. त्या जुन्या काळी बाळं दगावत होती ती जन्मताना गुदमरून, जंतुसंसर्गाने, कमी दिवसांची म्हणून, अंग गार पडून. नव्या कपड्यांनी कुणाचं बाळ नेलं नाही. उलट अंग गार पडू नये आणि संसर्ग होऊ नये यासाठी स्वच्छ, कोरडं कापडच लागतं. मनाला रुखरुख लागत असेल तर ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला आणि मग बाजारात जा. दवाखान्यात न्यायची भरलेली पिशवी घरात नको वाटत असेल तर शेजारच्या वाडीत मावशीकडे ठेवा. मात्र पिशवी भरा.

‘पूर्वीच्या बायकांनी काही आणलं नव्हतं.’ आणलं नव्हतं हे खरं, पण तयारी केली नव्हती हे साफ खोटं. सातव्या महिन्यापासून आजी जुनी लुगडी फाडत बसायची. त्यांची दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे, उरलेल्या तुकड्यांची गोधडी व्हायची. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं ते सुती कापड ट्रंकेत होतं, म्हणून दुकानात जावं लागत नव्हतं. आज कपाट उघडून बघा. निम्म्याहून जास्त साड्या पॉलिस्टरच्या, गाऊन मिश्र धाग्याचे. ते कापड लघवी शोषत नाही आणि अंगालाही उबतं. घरात जुनं सुती कापड असेल तर त्यासारखं काही नाही, जरूर वापरा. नसेल तर मलमल किंवा मऊ सुती कापड विकत आणायलाच हवं. आणि नव्या कापडाला खळ असते. ती जायला दोन-तीन धुण्या लागतात, आणि त्या बाळ झाल्यावर कोण करणार?

इथे एक गोष्ट जरा जास्त आग्रहाने सांगते, कारण ती आपल्याकडे घराघरांत घडते. दमट हवेने कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून आपण ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतो. मोठ्या भावंडाची झबली-टोपडी त्याच ट्रंकेतून निघतात आणि तशीच नव्या बाळाच्या अंगावर चढतात. डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांमध्ये जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलीन गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक वाढू शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे का, हे जन्माआधी घरात कुणाला ठाऊक नसतं. म्हणून बाळाच्या कपड्यांत गोळ्या नकोतच. गोळ्यांच्या ट्रंकेतलं कापड शक्यतो बाळासाठी घेऊ नका. घ्यावंच लागलं तर पुन्हा पुन्हा धुऊन, कित्येक दिवस कडक उन्हात वारं देऊन, वास पूर्ण गेल्यावरच. हे काम प्रसूतीच्या आदल्या दिवशी होत नाही, आणि पावसात तर होतच नाही.

‘एका दिवसात घरपोच मिळतं.’ कुठे? जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटात दरड आली की कुरिअर कोल्हापुरात अडकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्या आठवड्यात जी बाळंतीण झाली, तिच्या घरी कोण काय आणून देणार होतं? आणि बाळ तारीख बघून येत नाही. जगात साधारण दर दहांतलं एक बाळ सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मतं.

पावसातलं लंगोटांचं गणितही वेगळं. बाळ दिवसाला आठ-दहा लंगोट भिजवतं. उन्हाळ्यात ते तासाभरात वाळतात, आषाढात दोन दिवस दोरीवर लटकतात. म्हणजे वीस-पंचवीस हवेतच. दमट लंगोट बांधला की अंगावर लाल चट्टे उठतात, म्हणून वीज असेल तेव्हा इस्त्री फिरवून कोरडे करून ठेवायचे. मच्छरदाणीही आधीच आणा.

‘दवाखान्यात सगळं देतात.’ सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे आणि ते हक्काने मागा. मात्र त्या हक्कांच्या यादीत बाळाचे कपडे नाहीत. बाळ बाहेर आल्याबरोबर कोरड्या कापडाने पुसायचं, ओलं झालेलं कापड बाजूला टाकायचं, आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवून वरून दुसरं कोरडं कापड आणि डोक्यावर टोपडं घालायचं, आणि तासाभरात अंगावर पाजायला घ्यायचं. सिस्टर हात पुढे करून कापड मागते तेव्हा ते पिशवीत असावं लागतं.

राहता राहिला पैशांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. दुकानात ढीगभर वस्तू दाखवतात आणि त्यातल्या बऱ्याच लागत नाहीत. दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन ठेवू नका. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा नको, आणि या दोन्ही वस्तूंच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरच आणा. मोहरीची उशी, काजळ, पावडर, ग्राइप वॉटर, वॉकर, काहीच नको. चाटवायला मध तर वर्षभर नको.

मग पिशवीत काय? मोठी सुती दुपटी सहा-सात, त्यातली दोन अगदी वर. पुढून बंद बांधायची झबली, टोपडी, पायमोजे, लंगोट, एक उबदार पांघरूण. आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, पॅड, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक. अळीव, डिंक आणि खारीक घरात भरून ठेवा, पण पिशवीत नको. सगळं धुऊन, वाळवून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, म्हणजे रिक्षातून जाताना पावसाने भिजणार नाही. आणि पिशवी कुठे आहे ते आशाताईंना आणि रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याला सांगून ठेवा, कारण त्या वेळी घरातली बायकामाणसं लेकीबरोबर असतील.