काना वर गेला

"मास्तर, रात्री काजूची फेणी मारली होती की काय?"

वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मी परवा माझ्या जुन्या मराठी टाइपरायटरवर मारून दिली, तर आमच्या तरुण चिटणिसाने कागद लांब धरून हे विचारलं. चार माणसं हसली. मीही हसलो. न हसून करतो काय, खरंच मारली होती असं झालं असतं.

दोष माझा नव्हता, कान्याचा होता. गणेशचवथीला आलेल्या भाचीच्या पोराने मशीनची सगळी बटणं एकदम दाबली, अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या, आणि त्याने त्या गवत उपटावं तशा उपटून सोडवल्या. तेव्हापासून काना केसभर वर उमटतो. इंग्रजी मशीनवर एखादं अक्षर केसभर वर गेलं तर खपून जातं. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा! एक अक्षर उचललं की तिला पायरी पडते, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतला काका टाचा उंचावतो तशी. त्यात काना म्हणजे मराठी मशीनवरचा सगळ्यात राबणारा गडी. ध, भ, ण ही अक्षरंसुद्धा आधी अर्धी मारायची आणि मग त्यांना काना लावायचा. 'सर्वसाधारण सभा' एवढ्यात काना सहा वेळा येतो. म्हणजे सहा पायऱ्या. नोटीस कसली, देवळाची तळीच ती.

म्हापशाला एक दुरुस्तीवाला होता. त्याच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. म्हणून काल मशीन व्हरांड्यात काढलं. शिफ्ट दाबून येणारी सगळीच अक्षरं वरखाली असती तर शिफ्टचे स्क्रू बघायचे. एकच अक्षर बिघडलं असेल तर त्याची दांडी वाकलेली, एवढं मला ठाऊक. पक्कड हातात घेतली तोच कुंपणावरून आवाज आला.

"किदें जालें, मास्तर?"

आमचा शेजारी. सारा जन्म बस चालवली. ओळी वाकड्या येतात म्हटल्यावर तो आत आला, मशीनच्या समोर उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून कॅरेजकडे पाहत राहिला.

"अलाइनमेंट गेली."

"तेच म्हणतोय मी."

"डावीकडे ओढते?"

"वर जातं. फक्त काना."

"एकच चाक? मग खड्ड्यात आपटलं असणार. कुठल्या रस्त्याने आणलं?"

हे मशीन आजपर्यंत अकरा वर्षं आतल्या टेबलावरून हललेलं नव्हतं, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. त्याने रोलर गरागरा फिरवला, कॅरेज शेवटापर्यंत नेऊन घंटी वाजवली आणि म्हणाला, "हॉर्न ठीक आहे." मग त्याच्या मामाच्या पोर्तुगीज मशीनची गोष्ट सुरू झाली. त्यावरची अक्षरं म्हणे आपल्या इंग्रजी मशीनसारखी नव्हतीच. हे मात्र खरं. तिथला हुकूमशहा सालाझार याच्या काळात, १९३७ साली, पोर्तुगालने स्वतःचा कीबोर्ड ठरवला. वरची ओळ एच, सी, ई, एस, ए, आर अशी सुरू होणारी. मडगावच्या आजोळी तसलं एक मशीन होतं. १९६१ला पोर्तुगीज गोव्यातून गेले, त्यानंतर त्यावर कोणी काही लिहिलं नाही, आजी त्यावर पापड वाळवायची. असो.

मी पापडात होतो तेवढ्यात शेजाऱ्याने स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणून दांड्यांच्या मुळाशी ओतली होती.

"तेल नको! धूळ चिकटते, दांड्या परत खाली येत नाहीत!"

"पावसाळ्यात तेल नाही दिलं तर गंजते, मास्तर. बाहेरचा पाऊस बघा."

पाऊस खरा होता, म्हणून वाद हरलो. मग कान्याची दांडी मी धरायची आणि तो दाबणार, असं ठरलं. कधी ठरलं ते मला आठवत नाही. ही दांडी केसभर वाकवायची, एक ओळ मारून बघायची, पुन्हा केसभर, असं काम. त्याने स्टेअरिंग वळवावं तशी वळवली. 'सासासासा' मारून पाहिलं. काना आता खाली. शिवाय उजवीकडे कललेला. शिवाय तेलकट.

"आता उजवीकडे ओढते," तो समाधानाने म्हणाला. "म्हणजे सुधारतेय."

संध्याकाळी चिटणिसाची नोटीस मोबाईलवर सगळ्यांना गेली. 'सर्वसाधारन सभेस आवर्जुन उपस्थीत राहावे.' तीन चुका मी मोजल्या. कोणी कागद लांब धरला नाही, कोणी फेणी काढली नाही, उलट सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. शिरोरेषा सरळ होती ना! तीस वर्षं शाळेच्या कचेरीत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले, कार्बन घालून चार-चार प्रती काढल्या, आणि शेवटी दारुडा ठरलो तो अर्ध्या मिलिमीटरमुळे. याचा राग मला अजून आहे. चिटणिसाला सांगितलं तर म्हणेल, "मास्तर, समजतंय ना? मग झालं."

मशीन आता केरोसिनने पुसतोय. खोबरेल निघता निघत नाही, 'भ' एकदा वर गेला की तिथेच राहतो, बोटाने खाली आणावा लागतो. शेजारी उद्या ग्रीस घेऊन येतो म्हणालाय. मी व्हरांड्याचं दार आतून लावलंय. फाटकाचा आवाज झाला वाटतं.