इंचभर उंच

मे महिन्यात, भर दुपारी, ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला गाडीत हीटर लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर तो मी.

शेजारच्या रिक्षावाल्याने खाली वाकून विचारलं, "काका, एसी बिघडला का?"

"नाही हो. हीटर चालू आहे."

त्याने रिक्षा हातभर पलीकडे घेतली.

यामागे शास्त्र आहे. हीटर उघडला की इंजिनातलं गरम पाणी त्यातूनही फिरतं, म्हणजे एकाचे दोन रेडिएटर होतात. दुसरा माझ्या पायांशी आहे, इतकंच. तापमानाच्या घड्याळावर सी, एन, एच अशी तीन अक्षरं आहेत. एन म्हणजे नॉर्मल. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांशेजारून रांगताना काटा एन सोडून एचकडे निघाला, की मी कापडी टप मागे टाकतो, हीटर उघडतो आणि गुडघ्यांखाली मंद आचेवर शिजत राहतो. पावसाळ्यात टप लावलेला असतो. तेव्हा शिवणीतून डाव्या सीटवर अभिषेक चालतो. डाव्या सीटवर बायको बसायची.

गाडी 1975 सालची, विलायती, दोन सीटची स्पोर्ट्स कार. मामांनी ती एका वकिलातीच्या लिलावात घेतली. मामांच्या पश्चात मामी म्हणाल्या, "ने रे बाबा एकदाची," आणि मी नेली. तिच्यात बसता येत नाही, विहिरीत उतरतात तसं उतरावं लागतं. उतरल्यावर समोर टीएमटीच्या बसचं चाक दिसतं. फक्त चाक.

बरं, जुनी गाडी म्हणून मान मिळावा, तर तोही नाही. अमेरिकेने बंपरचे कडक नियम केले आणि 1974 च्या अखेरीस या गाडीचं क्रोमचं देखणं नाक जाऊन काळं रबरी थोबाड आलं. वर बंपरची उंची नियमात बसावी म्हणून सगळी गाडीच इंचभर उचलली. शौकीन मंडळी त्या इंचावर अजून नाराज आहेत. क्रोमवाली गाडी दिसली की लोक फोटो काढतात. माझ्या गाडीपाशी तलावपाळीला एकदाच एक मुलगा थांबला. म्हणाला, "काका, ही घरी बनवलीत?"

पण आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक ज्याने बांधला, त्याला बहुधा धरणाचा अनुभव असावा. तो ओलांडताना पोटाखाली नुसता 'खस्स' असा आवाज येतो. सायलेन्सर जागेवर राहतो. त्या बदनाम इंचाला मी रोज सकाळी मनोमन नमस्कार करतो.

गॅरेज वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या अण्णांकडे सगळे पाने मिलिमीटरचे आणि गाडीचे नट इंचाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना बसतो, जोर लावला की सटकतो, आणि चार वेळा सटकला की नट लाडूसारखा गोल. शेवटी इंची पान्यांचा सेट मीच घेतला. आता ऑफिसच्या बॅगेत डबा आणि पाने शेजारी शेजारी असतात. कार्बोरेटर दोन, आणि दोघांच्याही डोक्यात चमचाभर तेल घालावं लागतं. मी पहिल्यांदा ते घालताना अण्णांनी शांतपणे विचारलं, "साहेब, वातही लावू का?"

गाडीची पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या जोशीकाकांनी सुचवलं, "व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका, मान मिळेल." 2021 चा नियम वाचला. नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला.

मी बायकोला म्हटलं, "जमणार नाही. ऑफिसला कसा जाऊ?"

"अहो, ऑफिस वागळेलाच ना?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "आठवड्यातले चार दिवस तुम्ही नियमातच असता की."