हरित शहराचा मुहूर्त

नगरसेवक म्हणून नुकतेच निवडून आलात, पर्यावरण हा विषय कुणी घेईना म्हणून तुमच्या गळ्यात पडला, आणि आता ठाणं शाश्वत करून दाखवायचं आहे. घाबरू नका. यासाठी झाडं, पाणी, कचरा यांतलं कळावं लागतं असा उगाच समज आहे. पंचांग मात्र कळलं पाहिजे. कोणती गोष्ट कधी मोजायची, एवढं साधलं की बाकी सगळं आपसूक हिरवं होतं.

सुरुवात तलावापासून करा. ठाण्यात तलावावरच्या खर्चाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पहिलं काम म्हणजे काठ बांधून काढणं. मातीचा उतरता काठ असला की तिथे लव्हाळं, पाणकणीस वाढतं. ही झाडं पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस शोषून घेतात, बेडकांना आणि बगळ्यांना थारा देतात आणि फोटोत मात्र अस्वच्छता म्हणून दिसतात. त्यापेक्षा उभी भिंत घाला. वर ग्रॅनाइट, स्टीलचा कठडा आणि ‘आय लव्ह’ वगैरे अक्षरं. भिंतीमुळे आजूबाजूचं पावसाचं पाणी तलावात जायचं थांबेल आणि रस्त्यावर साचेल. ते काढायला गटाराची वेगळी निविदा निघते, म्हणजे एका कामात दोन कामं.

आता निर्माल्य, माशांना टाकलेले पाव आणि कुठून तरी झिरपणारं सांडपाणी यांनी तलाव हिरवागार होईल. याला हरित आच्छादन म्हणायचा मोह आवरा, पण शेवाळाचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. मासे जगण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शेवाळलेल्या तलावात पहाटे पाचच्या सुमारास तो याच्या खाली घसरतो, म्हणून तर मासे सकाळी फिरायला येणाऱ्यांना पोट वर केलेले दिसतात. त्याच जागी दुपारी दोन वाजता आकडा दुप्पट भरू शकतो. तेव्हा नमुना घेणाऱ्याला सांगा, सावकाश जेवून ये. बाटली वरच्या वीतभर पाण्यातच बुडवायची, तळाशी जायचं काम नाही. मासे मेलेच तर ‘ढगाळ हवामान’ असा शेरा मारा. तो खोटाही नाही. दिवसा ऊन न मिळाल्याने प्राणवायूची शिल्लक कमी राहते आणि पुढची पहाट सगळ्यात वाईट जाते.

कारंजं हवंच. पाणी हवेत उडालं की थोडाफार प्राणवायू मिसळतो, हे खरं आहे. त्या हिशेबाने ते रात्री दोन ते सकाळी सहा चालवायला हवं. पण त्या वेळी बघायला कोण येणार? संध्याकाळी सात ते दहा ठेवा, रंगीत दिव्यांसह.

झाडांचा विषय नाजूक आहे, कारण त्याला कायदा आहे. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष अधिनियमात २०२१ मध्ये बदल झाले आणि काम वाढलं. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरतं. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जपायची. पण झाड काही जन्मदाखला घेऊन उभं नसतं. वय बुंध्याच्या घेरावरून काढतात आणि टेप खाली-वर सरकवता येतो. पन्नाशीजवळची झाडं पन्नाशीच्या अलीकडेच थांबलेली बरी दिसतात. शिवाय या बदलांनंतर २०० झाडांचा आकडा गाठला की प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा. मोठ्या रस्त्याचे टप्पे पाडायची अक्कल इंजिनिअरांना उपजतच असते, त्यांना शिकवू नका.

‘तोड’ हा शब्द वर्ज्य करून ‘पुनर्रोपण’ म्हणा. त्याची खरी पद्धत जरा कटकटीची आहे. काही आठवडे आधी झाडाभोवती टप्प्याटप्प्याने चर खणून मुळं छाटायची, म्हणजे आत नवी बारीक मुळं फुटतात. खोडाच्या जाडीच्या आठ-दहा पट व्यासाचा मातीचा गोळा राखायचा. खोड ३० सेंटीमीटर जाड असेल तर गोळा झाला अडीच-तीन मीटरचा, वजन कित्येक टन. तो गोणपाटात बांधून क्रेनने अलगद उचलायचा, नवा खड्डा आधीच तयार ठेवायचा आणि पुढे निदान दोन उन्हाळे पाणी घालायचं. एवढा वेळ कुणाला आहे? जेसीबी लावा, मीटरभर गोळा ठेवा, फांद्या सरसकट छाटा, ट्रकमध्ये आडवं घाला आणि मिळेल त्या मोकळ्या जागेत उभं करा. वड, पिंपळ, उंबर असेल तर अशा छळातूनही कदाचित जगेल. जुन्या आंब्या-चिंचेकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

खरी मेख पुढे आहे. तीन-चार आठवड्यांत त्या बोडक्या खोडाला कोवळे फुटवे येतात. ते मुळं धरली म्हणून नव्हे, तर खोडात साठवलेल्या अन्नावर येतात. साठा संपला की सुकून जातात. म्हणून जगण्याची टक्केवारी याच मधल्या काळात काढून घ्या. फुटव्यांचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट, फाइलला लावा. पुन्हा त्या बाजूला फिरकू नका.

नवी रोपं लावताना पिंजरा रोपापेक्षा भक्कम घ्या आणि पाटी पिंजऱ्यापेक्षा मोठी. पिंजरा कधीही काढायचा नाही. खोड जाड झालं की लोखंड सालीत रुततं, पण तोवर पाटीवरचं नाव वाचता येतं. आळं करायच्या भानगडीत पडू नका, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवा. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं होतं. दिल्ली लांब आहे. पुढे पावसाळ्यात झाड गाडीवर कोसळलं तर दोष झाडाच्या जातीचा.

कचऱ्यात फार अडकू नका. दिवसाला १०० किलोंवर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हा २०१६ च्या नियमांपासून चालत आलेला दंडक. विकासकाने भोगवटा प्रमाणपत्रापुरतं कंपोस्ट मशीन बसवलेलं असतंच. हे मशीन खत करतं अशी लोकांची समजूत आहे, ती मोडू नका. ते फक्त कचरा बारीक करून भुशात मिसळतं. खत नंतर होतं, क्रेटमध्ये, दहा-पंधरा दिवसांत, तेही लगदा मुठीत दाबल्यावर पाणी गळत नसेल तरच. क्रेटची जागा पार्किंगला गेलेली असते आणि भुशाचा खर्च कमिटीने कापलेला असतो, त्यामुळे आठवड्यात आंबूस वास सुटतो, मग अळ्या होतात, मग मशीनवर ताडपत्री चढते. तुमची भेट मशीन सुरू झाल्याच्या दिवशीच ठेवा, नारळ तुम्हीच फोडा.

हवेसाठी धुकं उडवणारी तोफ घ्या. तिचे थेंब जाड धूळ खाली बसवतात. फुप्फुसात खोलवर जाणारी पीएम २.५ ची बारीक धूळ बरीचशी त्यातून निसटते, पण ती दिसत नाही. तोफेची फेरी हवा मोजणाऱ्या यंत्रावरून जाईल असा मार्ग आखा.

राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात शहरांना पाच तत्त्वांवर गुण मिळतात. भूमी, जल, वायू, अग्नी यांत हात घातला की खर्च येतो. आकाश या तत्त्वात जनजागृती आणि हरित शपथ मोडते. आकाशावर भर द्या.

राहता राहिला पर्यावरण स्थिती अहवाल. कायद्यानुसार आयुक्तांनी तो ३१ जुलैपूर्वी सभेपुढे ठेवायचा असतो. हा मुहूर्त ज्याने काढला त्याला नमस्कार करा. जुलैत येऊरच्या डोंगरापासून खाडीपर्यंत सगळं हिरवं असतं, पावसाने हवा धुतलेली असते, तलाव काठोकाठ भरलेले असतात. मुखपृष्ठाचा फोटो तेव्हाच काढा. सभेत एखाद्याने विचारलंच की मागच्या वर्षी लावलेल्यांपैकी किती झाडं जगली, तर म्हणा, पुढच्या वृक्षगणनेत कळेल. वृक्षगणना दर ५ वर्षांनी करायची असते. तुमची मुदतही ५ वर्षांचीच आहे.