लोड दुप्पट धरला म्हणून ब्रॅकेट वाचत नाही

डिझाइनच्या कामात एक सल्ला फार फिरतो: "स्टॅटिक (स्थिर भाराचं) अ‍ॅनालिसिस करा, डायनॅमिक (बदलता भार) म्हणून लोड दुप्पट धरा, स्ट्रेस (ताण) यील्डच्या, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाच्या, खाली आला की पार्ट पास. तरीही तुटला तर प्लेट जाड करा, नाहीतर भारी ग्रेडचं स्टील घ्या." कामाला नव्याने लागलेली मुलं हे प्रमाण मानतात, म्हणून उत्तर देतो आहे.

आधी ते "दुप्पट". वजन उंचीवरून न टाकता एकदम सोडलं, तर ताण दुप्पट होतो. खरं आहे, पण तेवढ्याच प्रसंगापुरतं. इंजिन एकदा धक्का देऊन थांबत नाही. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन 1500 आरपीएमला फिरतं तेव्हा मुख्य हादरा सेकंदाला 50 वेळा बसतो. त्यावरच्या ब्रॅकेटची नॅचरल फ्रिक्वेन्सी (ठोकल्यावर ते आपोआप सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतं तो आकडा) 52 हर्ट्झ आणि डॅम्पिंग (कंपन शमवण्याची क्षमता) 2 टक्के असेल, तर दोन्ही आकडे जवळ आल्याने कंपन वाढत जातं आणि ताण जवळजवळ 12 पट होतो. स्वतःच्या भाराने 15 एमपीए (मेगापास्कल, ताणाचं एकक) येत असेल, तर सल्ल्याप्रमाणे 30 धरून तुम्ही निश्चिंत. ब्रॅकेटचं बूड मात्र जेमतेम 0.1 मिमी हललं, तरी वेल्डपाशी 180 एमपीएचा ताण उलटसुलट खेळतोय.

"पण यील्ड 250 आहे ना?" आहे, आणि इथेच खरी चूक आहे. यील्डच्या खूप खालचा ताणही वारंवार उलटला की लोखंड तुटतं, हे जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून 19व्या शतकातच दाखवलं. सेकंदाला 50 म्हणजे साडेपाच तासांत 10 लाख आवर्तनं! वेल्डच्या कडेला 180 एमपीए इतका वेळ टिकत नाही.

भारी ग्रेडचं स्टील घेतलं, तरी त्याचा यंग मॉड्युलस (ताठपणाचं माप) तोच, साधारण 200 जीपीए. नॅचरल फ्रिक्वेन्सी तसूभर हलत नाही, आणि वेल्डचं फटीग आयुष्यही (उलटसुलट ताणाखाली ते तुटेपर्यंतचा काळ) फारसं वाढत नाही.

जाडी वाढवणं तर कधीकधी घातक. टोकाला वजन असलेल्या ब्रॅकेटची फ्रिक्वेन्सी जाडीच्या दीड घाताने वाढते. 8 मिमीला 42 हर्ट्झ असलेलं ब्रॅकेट 9 मिमी केलं की थेट 50 वर येऊन बसतं. आधी बरं चाललं होतं, ते आपणच बिघडवलं.

म्हणून स्टॅटिकच्या आधी नॅचरल फ्रिक्वेन्सी काढणारं मोडल अ‍ॅनालिसिस चालवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग पार्ट जागेवर बोल्ट करून हातोडीने ठोका, आणि फ्रिक्वेन्सी कंपन टिपणाऱ्या अ‍ॅक्सिलरोमीटरने मोजा. मॉडेलमध्ये 70 हर्ट्झ आलेलं ब्रॅकेट इंजिनावर 55 दाखवू शकतं, कारण खालचा आधार आपण पूर्ण घट्ट धरलेला असतो.